दादाच्या मेंदूतले लोखंड

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेचा दिवस होता. वहिनी चकल्या तळीत होत्या आणि दादा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत बसला होता. दारावरची घंटा वाजली म्हणून वहिनी बाहेर गेल्या. शेजारच्या काकूंशी दोन शब्द बोलता बोलता दहा मिनिटे गेली. परत येऊन पाहतात तो घाण्याचा कोळसा झालेला, घरभर करपट वास आणि निळा धूर! मी वरच्या मजल्यावरून धावत खाली आलो. दादा मात्र कढईपासून चार हातांवर जागच्या जागी, वर्तमानपत्रात डोके घालून.

"अहो, नाकाला बूच मारलंय का?" वहिनी कडाडल्या.

दादाने वर पाहिले, धुराकडे पाहिले आणि विचारले, "काय झालं? काही करपलं का?"

हसता हसता आमची पुरेवाट झाली. त्या दिवाळीत फराळाला येईल त्याला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगण्यात आली. आज ती आठवली की मन ओशाळते. दादाचे नाक त्यापूर्वीच केव्हातरी कामातून गेले होते आणि ते का गेले, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, वय ६७. सारा जन्म आरेखक म्हणून गेला. पूल, कालवे, पाण्याच्या टाक्या यांचे नकाशे काढता काढता त्याची नजर अशी तयार झाली, की भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी त्याला चैन पडत नाही. मी शाळामास्तर; ३४ वर्षे मुलांना विज्ञान शिकवून निवृत्त झालो. पुण्यात एकाच इमारतीत तो खाली आणि मी वर असे आमचे बिऱ्हाड आहे. सकाळचे फिरणे दोघांचे बरोबर.

त्या फिरण्यातच माझ्या लक्षात आले, की चालताना दादाचा डावा हात झुलतो आणि उजवा अंगाशी धरल्यासारखा राहतो. पुढे सदऱ्याच्या गुंड्या लावायला त्याला वेळ लागू लागला. जानेवारीत एके रात्री बातम्या पाहताना त्याचा उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपोआप फिरताना दिसली, जपमाळेचे मणी ओढावेत तशी. वहिनींनी हात धरला की थांबे, सोडला की पुन्हा सुरू.

आम्ही मज्जाविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. चाळिशीतले, शांत गृहस्थ. त्यांनी दादाला खोलीत चालायला लावले, बोटे एकमेकांवर आपटायला लावली, मूठ उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहायला दिली. मग वासाबद्दल विचारले. वहिनींनी चकल्यांची गोष्ट सांगितली. या वेळी कोणी हसले नाही.

"काका, हा कंपवात आहे. पार्किन्सन्स," डॉक्टर म्हणाले. "सुरुवात आहे. चांगली औषधं आहेत."

दादा काही क्षण गप्प राहिला. मग त्याने आरेखकाचा प्रश्न विचारला : "कुठवर आलाय? मला आकडा सांगा."

डॉक्टरांना तो आकडा सांगता आला नाही. पुढचे सहा महिने आमच्या घरात जे रामायण घडले, ते या आकड्यापायीच.

वहीतला पुरावा

घरी आल्यावर दादाने माळ्यावरून जमाखर्चाच्या जुन्या वह्या काढल्या. त्याचे अक्षर छापल्यासारखे. त्याने पोलादी पट्टी घेतली आणि दरसालच्या जानेवारीच्या पहिल्या पानावरच्या अक्षरांची उंची मोजली. सहा वर्षांपूर्वी चार मिलिमीटर होती. मग साडेतीन. मग तीन. या वर्षी ओळीच्या शेवटी शेवटी तर दोनच! आमच्या डोळ्यांदेखत, दुधाच्या आणि किराण्याच्या हिशेबात, आजार हळूहळू आपली नोंद करीत होता आणि आम्ही तो हिशेब जुळला की नाही एवढेच पाहत होतो.

"म्हणजे हे कितीतरी आधीच सुरू झालं होतं," दादा म्हणाला.

ते खरेच होते. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने या आजारावर पहिला निबंध लिहिला. त्यात सहाच रुग्णांची हकिकत आहे आणि त्यांतले काही तर त्याला रस्त्यात दिसलेले. आजार नकळत कसा शिरतो, सुरुवात कधी झाली हे रुग्णाला सांगताही कसे येत नाही, हे त्याने तेव्हाच टिपून ठेवले होते. मेंदूत नेमके कोठे बिघडते हे समजायला मात्र आणखी शंभर वर्षे लागली. मेंदूच्या बुंध्याशी, दोन्ही बाजूंना एकेक अशी काळसर पट्टी असते. तिचे शास्त्रीय नाव सब्स्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे सरळ मराठीत 'काळा पदार्थ'. १९१९ साली पॅरिसमध्ये ट्रेटियाकॉफ या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात दाखवले, की पार्किन्सनच्या रुग्णांत ही पट्टी फिकी पडलेली असते. तिथल्या काळ्या पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सफाईने होतात. व्हिएन्नाच्या हॉर्निकिएविच यांनी १९६० साली रुग्णांच्या मेंदूत हेच डोपामीन कमी पडते असे दाखवले. हात कापू लागेपर्यंत या पेशींपैकी पुष्कळशा, निम्म्याच्या आसपास म्हटले तरी चालेल, गेलेल्या असतात. वास जाणे, अक्षर बारीक होणे, हात न झुलणे ही त्याआधीची पावले.

तवा भंगारात जातो

हे सारे मी वाचीत होतो, तोच एक नवे संकट आले. वहिनींच्या मावसबहिणीने मोबाईलवर निरोप धाडला : "पार्किन्सन्समध्ये मेंदूत लोखंड साचतं. जपा!"

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर लोखंडी तवा, कढई, पळी सारे भंगारवाल्याच्या पोत्यात. पालक बंद, बाजरीची भाकरी बंद, गूळ बंद, अळिवाचे लाडू बंद. दादाला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्याही वहिनींनी गुपचूप उचलून ठेवल्या.

"भाऊजी, तुम्हीच सांगा," त्या मला म्हणाल्या, "डोक्यात लोखंड भरतंय आणि मी हातानं आणखी भरू?"

या बाईने ४० वर्षे त्या तव्यावर भाकऱ्या भाजल्या होत्या. तो काढून टाकताना त्यांना काय वाटले असेल! आमचा सात वर्षांचा नातू मात्र खूश झाला. त्याने शीतकपाटावरचे चुंबक आणून आजोबांच्या कपाळाला लावून पाहिले. ते खाली पडले. "आजोबा, तुमच्यात लोखंड नाहीये!" त्याने जाहीर केले. त्या महिन्यात दादा पहिल्यांदा मोठ्याने हसला.

निरोप अर्धा खरा होता, आणि म्हणूनच जास्त घातक. पार्किन्सनच्या आजारात मेंदूत जादा लोह सापडते ही गोष्ट जुनीच आहे. १९२४ साली लेर्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे लिहून ठेवले. पण मेंदूत लोह असते ते सर्वांच्याच. १९५८ साली स्वीडनच्या हॅलग्रेन आणि सूरांदर यांनी निरनिराळ्या वयांच्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून मोजमाप प्रसिद्ध केले. मेंदूच्या काही भागांत १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे यकृतापेक्षाही जास्त, लोह निघाले. काळ्या पट्टीचा नंबर यात फार वरचा. हे लोह बालपणापासून वाढत जाते, कारण मेंदूला ते हवे असते. प्राणवायू वापरून शक्ती निर्माण करायला लोह लागते. मज्जातंतूंवरचे वेष्टण बनवायला लोह लागते. आणि ज्या डोपामीनसाठी एवढी रडारड, ते तयार करणाऱ्या विकराचे कामही लोहावाचून चालत नाही. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गाठ पडणार आहे.

पेशी हे लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात बंद करून ठेवतात. एका गोळ्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. काळ्या पेशींतला काळा रंगही लोह धरून ठेवतो. बंद आहे तोवर ठीक. मोकळे सुटले तर ते पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ घालून असे काही जहाल कण निर्माण करते, की पेशीचे आवरणच करपून जावे. १९८० नंतरच्या दशकात अनेक ठिकाणी मोजमापे झाली आणि पार्किन्सनच्या रुग्णांच्या काळ्या पट्टीत निरोगी माणसांपेक्षा जास्त लोह आहे हे पक्के झाले. मात्र हे लोह पेशी मारते की पेशी मेल्यामुळे तिथे साचते, हा वाद अजून मिटलेला नाही. चुलीत राख दिसली म्हणून राखेने जाळ केला असे कोणी म्हणत नाही. पण राखेत निखारा नसेलच असेही नाही.

डॉक्टरांनी तव्याची हकिकत ऐकून कपाळाला हात लावला. "काकू, जेवणातलं लोह असं सरळ मेंदूत जात नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पहारा असतो. काय आत घ्यायचं ते तो ठरवतो. गोळ्या परत सुरू करा. फक्त पार्किन्सन्सच्या गोळीबरोबर घेऊ नका, लोहामुळे ती नीट शोषली जात नाही. मध्ये दोन तासांचं तरी अंतर ठेवा."

वहिनींनी मान खाली घातली. पण दादाचे डोळे चमकले होते. "डॉक्टर, हे लोखंड मोजता येतं का? जिवंतपणी?"

"येतं," डॉक्टर म्हणाले आणि लगेच पुस्ती जोडली, "पण त्यातून तुम्हाला हवा तो आकडा मिळेलच असं समजू नका." दादाने वाक्याचा पहिला शब्द तेवढा ऐकला.

चुंबकाच्या बोगद्यात

इतर काही आजार नाहीत ना हे पाहण्यासाठी एम.आर.आय. करावयाचाच होता. अंगठी, घड्याळ, पट्टा, किल्ल्या सारे काढून, कानांत बोळे घालून दादाला त्या पांढऱ्या बोगद्यात सरकवले. सुमारे पाऊण तास. आत हातोडे मारल्यासारखा खणखणाट. "डोके मुळीच हलवू नका," हा सर्वांत कठीण हुकूम, कारण डोके हलले की चित्र पुसट.

या यंत्राचे चुंबक तीन टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे साठ-सत्तर हजार पट. त्याला मेंदूतले लोह कसे दिसते, हे मी वहिनींना शाळेतल्या कवायतीवरून समजावून सांगितले. आपल्या शरीरात पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजन. त्याचे केंद्रक म्हणजे पटांगणावरची हजारो मुले. यंत्र शिट्टी मारते आणि सारी मुले एका तालात पाय आपटू लागतात. तो एकत्र आवाज यंत्र ऐकते. हळूहळू ताल बिघडतो आणि आवाज विरतो. आता पटांगणाच्या एका कोपऱ्यात जमीन खडबडीत असेल तर? तिथली काही मुले पुढे जातील, काही मागे रेंगाळतील आणि तिथला आवाज लवकर विरेल. लोह म्हणजे ही खडबडीत जमीन. जिथे आवाज लवकर विरतो तिथे चित्र काळे येते, आणि किती लवकर विरला हे मोजले की लोहाचा अंदाज बांधता येतो. गेल्या वीसेक वर्षांत याहून बारीक पद्धत निघाली आहे : कोणती मुले किती पुढे गेली आणि किती मागे पडली यावरून उलट गणित मांडून, कोठे किती चुंबकीय पदार्थ आहे याचा नकाशाच काढायचा. त्याचे एकक अब्जात किती भाग, एवढे सूक्ष्म. नकाशा म्हटल्याबरोबर दादाला ते गणित पटले.

अहवाल संध्याकाळी मोबाईलवर आला. डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी होती, पण तोवर धीर कोणाला? त्यात एक ओळ होती : 'दोन्ही बाजूंस भिंगरीची शेपटी दिसत नाही.' दादा त्या रात्री झोपला नाही. दोन वाजता मला खालचा दिवा दिसला म्हणून मी उतरलो, तर तो मेजावर कागद पसरून बसलेला. "शेपटीच गेली म्हणजे सगळंच गेलं की रे," तो म्हणाला. मला काय बोलावे सुचेना. मी चहा केला. आम्ही दोघे उजाडेपर्यंत बसून राहिलो.

भिंगरीची शेपटी ही काय भानगड आहे, ते डॉक्टरांनी पुढे सांगितले. निरोगी माणसाच्या चित्रात काळ्या पट्टीच्या मागच्या टोकाशी एक पांढुरका ठिपका असतो. दोन काळ्या रेघांमध्ये तो असा दिसतो, की भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीची आठवण व्हावी. पार्किन्सनमध्ये हाच भाग सर्वांत आधी खराब होतो, ठिपका काळवंडतो आणि शेपटी दिसेनाशी होते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१४ साली या खुणेला हे नाव दिले.

"पण काका," डॉक्टर म्हणाले, "ही खूण निदानाला दुजोरा देते, एवढंच. आजार कुठवर गेलाय, पुढे किती वेगानं जाईल, हे ती सांगत नाही. तुमचं निदान मी तुमच्या हातावरून आणि चालण्यावरून केलंय, ते तसंच आहे. कालच्यापेक्षा आज तुम्ही जास्त आजारी नाही."

हे दोन रात्री आधी कोणी सांगितले असते तर! अहवाल रुग्णाच्या हाती आधी आणि अर्थ सांगणारा माणूस मागाहून, ही आजकालची रीत मला तरी क्रूर वाटते.

मोजपट्टी कोणासाठी?

दादाने मग खरा प्रश्न काढला. "दरवर्षी हेच चित्र काढलं आणि लोखंड किती वाढलं ते पाहिलं, तर आजाराची चाल कळणार नाही का? आम्ही भिंतीला भेग पडली की तिच्यावर खूण करून ठेवायचो आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचो."

प्रश्न रास्त होता, आणि जगभरचे संशोधक तोच विचारीत आहेत. २०१३ साली फ्रान्समध्ये काही रुग्णांची तीन वर्षांच्या अंतराने अशी चित्रे काढली. काळ्या पट्टीतले लोह त्या काळात वाढल्याची खूण त्यांना मिळाली. २०२० साली लंडनमध्ये ९७ रुग्णांच्या चित्रांवरून दिसले, की मेंदूच्या इतर काही भागांतले लोह आणि रुग्णांची बुद्धीची व स्मरणाची कामगिरी यांचा संबंध आहे. पण सगळ्यांची उत्तरे एकसारखी आली नाहीत. वयाबरोबर लोह वाढतेच. यंत्र बदलले की आकडा बदलतो. डोके हलले की बदलतो. आणि माणसामाणसांत मुळातच फरक इतका, की एखाद्या निरोगी माणसाचा आकडा रुग्णाच्या वर असू शकतो. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसे यांची सरासरी वेगळी दिसते. एका माणसाकडे बोट दाखवून 'तुझे इतके झाले, इतके उरले' म्हणता येत नाही.

जर्मनीत १९९५ साली याहून स्वस्त उपाय सापडला होता. कानशिलाच्या पातळ हाडातून सोनोग्राफी केली की बहुतेक रुग्णांची काळी पट्टी उजळ दिसते, आणि त्याचा संबंध लोहाशी असावा असे मानतात. पुढे कळले की ही उजळी काही निरोगी लोकांतही असते, आणि आजार वाढला तरी ती फारशी वाढत नाही. म्हणजे खूण आहे, पण मोजपट्टी नाही.

"मग हा खटाटोप कशाला?" वहिनींनी विचारले.

डॉक्टर म्हणाले, "काकू, आज आमची औषधं त्रास कमी करतात. आजाराची चाल मंद करणारं औषध अजून नाही. उद्या कोणी तसं औषध आणलं, तर ते काम करतंय की नाही हे कशानं ठरवायचं? हात कमी कापतो म्हणून? ते तर आत्ताच्या गोळीनंही होतं. आतलं बघणारी मोजपट्टी हवी."

त्यावर त्यांनी जी हकिकत सांगितली, ती मी घरी येऊन मुळातून वाचली. लोह बांधून शरीराबाहेर काढणारे डेफेरिप्रोन नावाचे औषध आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यामुळे अंगात साठणारे लोह काढण्यासाठी ते वापरतात. जगात ते वापरास प्रथम खुले झाले ते आपल्याच देशात, १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यात. हे औषध मेंदूत पोचते. मग पार्किन्सनमध्ये साचलेले लोह यानेच का काढू नये? २०१४ साली फ्रान्समध्ये ४० रुग्णांवर केलेल्या लहानशा प्रयोगाने आशा वाढवली. तेव्हा युरोपात मोठा प्रयोग झाला. नुकतेच निदान झालेले, लेवोडोपा हे नेहमीचे औषध अद्याप सुरू न केलेले ३७२ रुग्ण. निम्म्यांना डेफेरिप्रोन, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. मुदत ३६ आठवडे.

२०२२ च्या अखेरीस निकाल प्रसिद्ध झाला. एम.आर.आय.च्या चित्रात औषध घेणाऱ्यांच्या काळ्या पट्टीतले लोह खरोखरच कमी झाले होते. चित्रापुरता प्रयोग यशस्वी! आणि रुग्ण? ज्या गुणपत्रकात आकडा वाढणे म्हणजे आजार बळावणे, त्यात नुसती गोळी घेणाऱ्यांचा आकडा सरासरी ६.३ ने वाढला, तर औषध घेणाऱ्यांचा १५.६ ने. त्रास वाढला म्हणून नेहमीचे औषध सुरू करणे ज्यांना भाग पडले, असे रुग्ण पहिल्या गटात शंभरात तिघांहून कमी. दुसऱ्यात शंभरात बावीस.

मी हे वाचले तेव्हा मला वहिनींचा तवा आठवला. मघाशी वाचकांना एक गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती : डोपामीन तयार करणाऱ्या विकरालाच लोह लागते. उरल्यासुरल्या पेशी त्या लोहावर काम रेटीत होत्या. ते काढून घेतल्यावर त्यांचे काम आणखी मंदावले असावे, असा एक अर्थ लावला जातो. नेहमीचे औषध चालू असलेल्या रुग्णांत काय झाले असते हा प्रश्न उरतोच, कारण या प्रयोगात ते कोणीच घेत नव्हते. फरक एवढाच, की त्या संशोधकांनी आपला तर्क रुग्णांच्या संमतीने, देखरेखीखाली तपासून पाहिला आणि उलटा आलेला निकाल जसाच्या तसा जगापुढे ठेवला. मोबाईलवरच्या निरोपाला ना तपासणी असते, ना निकाल. मला त्या ३७२ माणसांबद्दल फार आदर वाटला. त्यांच्यामुळे आज कोणी सुज्ञ डॉक्टर नव्या रुग्णाला लोह काढण्याचे औषध सहजगत्या देणार नाही.

दादाचा निर्णय

जुलैत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दादाने आकडा मागितला नाही. त्याने विचारले, "दरवर्षी चित्र काढायची मला गरज आहे?"

"तुमच्या उपचारासाठी नाही."

"आणि माझं चित्र आणखी कोणाच्या उपयोगी पडेल?"

डॉक्टर थोडे थांबले. अशा अभ्यासांना सुरुवातीचे रुग्ण हवेच असतात, असे ते म्हणाले. वर्षानुवर्षे यावे लागते, पदरी काही पडत नाही, केव्हाही नाही म्हणता येते. दादाने आपले नाव देऊन ठेवले आहे. वहिनींना आधी ते रुचले नाही. "माझं घर म्हणजे काय प्रयोगशाळा आहे?" त्या मला म्हणाल्या. पण दादाने त्यांना समजावले, "माझ्या एकट्याच्या रेघेवरून नकाशा होत नाही गं. शंभर जणांच्या रेघा लागतात. त्यातली एक माझी."

औषधाने त्याचा हात बराच सैल झाला आहे. रोज व्यायाम आहे, फिरणे आहे, मोठमोठ्या अक्षरांत लिहिण्याचा सराव आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने, तो एका वहीत त्याच लेखणीने घराचा पत्ता लिहितो आणि पट्टीने मोजतो. ऑगस्टमध्ये अडीच मिलिमीटर होते, सप्टेंबरमध्ये तीन. ऑक्टोबरात पुन्हा थोडे खाली आले. त्या दिवशी तो जरा गप्प होता, पण झोपला मात्र वेळेवर.

कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांचा वास गेला असेल, अक्षर बारीक होत असेल, एक हात झुलत नसेल, तर या तिन्हींना सर्दी, वय आणि सांधेदुखी अशी नावे ठेवून गप्प बसू नका, एवढेच मला सांगावयाचे आहे. प्रत्येक वेळी तो कंपवातच असेल असे नाही. पण जाणत्या डॉक्टरला एकदा दाखवण्यात काय बिघडते? आम्ही चकल्यांवर हसलो, तुम्ही हसू नका.

गेल्या आठवड्यात वहिनी आणि मी बोहरी आळीत जाऊन नवा लोखंडी तवा घेऊन आलो. तो अजून नीट वळणावर यायचा आहे. पहिल्या चार भाकऱ्या चिकटल्या. आणि काल चकल्यांचा पहिला घाणा पडला. दादा तिथेच, त्याच खुर्चीवर. मांडीवर वर्तमानपत्र नव्हते. हातात घड्याळ होते.

"माझ्या नाकावर विसंबू नका," तो म्हणाला, "दर घाण्याला सात मिनिटं. मी सांगतो तेव्हा उलटा."

एकही चकली करपली नाही.